पक्षी, वाघ आणि कबड्डी: डीएसएलआरवरच राहू की मिररलेस घेऊ?

तुमच्याकडे निकॉन डी५६०० हा डीएसएलआर (आत आरसा असलेला) कॅमेरा आणि ७०-३०० मिमी लेन्स आहे, बजेट दीड लाखाच्या आसपास आहे, ओढ भिगवणच्या पक्ष्यांची आणि ताडोबाच्या वाघांची आहे आणि मधूनमधून मुलीच्या कबड्डीच्या मॅचेस. त्यासाठी सेकंडहँड डी५०० हा वरचा डीएसएलआर घ्यावा की थेट मिररलेसवर (बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर) जावं, असा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर आधी लेन्स घ्या. बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, दुसऱ्या नंबरावर.

ताडोबातला वाघ बहुतेक वेळा आपल्याच तंद्रीत रस्त्याने चालत असतो. त्याला टिपायला तुमचा आत्ताचा कॅमेरा पुरेसा आहे; कमी पडतो तो लेन्सचा ३०० मिमीचा पल्ला. भल्या पहाटे बांबूच्या सावलीत उजेड नसतो ही अडचण आरसा काढून टाकल्याने सुटत नाही.

खरा फरक पडतो तो उडत्या पक्ष्यांना. डी५६०० चे ३९ फोकस पॉइंट फ्रेमच्या मधल्या भागात दाटीने बसलेत, त्यामुळे पक्षी कडेला सरकला की फोकस सुटतो. डी५०० मध्ये ते १५३ आहेत आणि जवळजवळ फ्रेमभर पसरलेत, शिवाय सेकंदाला १० फ्रेम. २०१६ चा कॅमेरा असूनही आजही कोणी हसणार नाही. पण पक्षी ओळखून त्याच्या डोळ्याला धरून ठेवणं त्याला जमत नाही. निकॉनच्याच झेड५० टू या मिररलेसमध्ये ते आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर सूर मारणारा नदी सुरय टिपताना तुम्ही फक्त त्याला फ्रेममध्ये ठेवायचं, पॉइंट कुठे न्यायचा याची चिंता कॅमेऱ्याची.

मिररलेसचे तोटे दुकानदार सांगत नाही, ते मी सांगतो. मागे बाभळीची गिचमिड आणि पुढे तारेवर वेडा राघू असेल, आणि लेन्स भलत्याच अंतरावर असेल, तर कॅमेरा खुशाल मागची बाभूळ पकडतो. तेव्हा आधी साधारण तेवढ्याच अंतरावरच्या जमिनीवर फोकस आणून मग वर जायचं. राघू उडण्याआधीचे क्षणही साठवणारी प्री-रिलीज कॅप्चरची सोय झकास आहे, पण ती झेड५० टू मध्ये इलेक्ट्रॉनिक शटरवर (पडदा न हलता सेन्सरच फोटो वाचतो) आणि जेपेगमध्येच चालते. या सेन्सरचं वाचन सावकाश होत असल्याने फडफडते पंख वाकडे येऊ शकतात. आणि बॅटरी! एका चार्जवर डी५०० चं रेटिंग १२४० फोटोंचं, झेड५० टू चं अडीचशेच्याही आत. बर्स्टमध्ये (एका दमात सलग फोटो काढताना) प्रत्यक्षात बरेच जास्त निघतात, तरी दोन जादा बॅटऱ्या खिशात हव्यातच.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा: आत्ता सेकंडहँड निकॉन २००-५०० मिमी एफ५.६ लेन्स. वजन २.३ किलो, म्हणजे जिप्सीत बीनबॅग न्यावीच लागेल. ही तुमच्या डी५६०० वर चालते आणि पुढे एफटीझेड (डीएसएलआरच्या लेन्स मिररलेसला जोडणारा) अ‍ॅडॉप्टर लावून झेड५० टू वरही ऑटोफोकससकट चालते. उरलेल्या पैशांत झेड५० टू बसली तर लगेच घ्या, नाहीतर सहा महिने थांबा. डी५०० मी फक्त त्यालाच सुचवेन ज्याच्याकडे आधीच भारी एफ-माउंट (निकॉन डीएसएलआरच्या) लेन्स आहेत आणि ज्याला तासन्‌तास डोळा लावून बसायला ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरच (आरशातून थेट दृश्य दाखवणारा) हवा.

कबड्डीच्या हॉलमधल्या कमी उजेडात यातली एकही लेन्स कामाची नाही, जास्त उजेड आत घेणारी ८५ मिमी एफ१.८ बघा. हॉलमधल्या एलईडीखाली मेकॅनिकल शटरच ठेवा, नाहीतर फोटोत पट्टे येऊ शकतात.

२००-५०० घेताना स्वतःची बॉडी बरोबर न्या. डी५६०० मध्ये फोकस फाइन-ट्यून (लेन्सचा फोकस बारीक जुळवायची सोय) नाही, त्यामुळे लेन्स पुढे-मागे फोकस करत असेल तर तुम्हाला ते दुरुस्त करता येणार नाही. ५०० मिमीवर, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला वीस-पंचवीस फोटो काढा, शंभर टक्के झूम करून पाहा आणि मगच पैसे द्या.