मुलगी गाणं शिकतेय; पण ग्वाल्हेरात राहून निव्वळ गाण्यावर घर चालतं का?

चालतं, पण नुसत्या मैफलींवर नाही. इथले बहुतेक गवई शिकवण्यांवर जगतात. आकाशवाणीचं रेकॉर्डिंग, मराठी मंडळांच्या गणपतीतले कार्यक्रम ही वरची कमाई.

माझे गुरुजी सकाळी सहाला ओसरीवर तानपुरा घेऊन बसतात. तारेखालचा जवारीचा दोरा नखानं केसभर सरकवतात, कान लावतात, पुन्हा सरकवतात. तार भरून बोलू लागली की मगच पहिला शिष्य तोंड उघडतो. रात्री आठपर्यंत हेच.

ही रीत आजची नाही. कृष्णराव शंकर पंडितांसारख्या मोठ्या गवयानंही १९१४ साली इथे शाळा काढली. तीच पुढे वडिलांच्या नावानं शंकर गांधर्व महाविद्यालय झाली. माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं, संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या देखरेखीखालचं. या गावात गाणारा तो शिकवणारा, हे तेव्हापासूनच.

तुमच्या मुलीला संगीताची पदवी जरूर घेऊ द्या, शाळेतल्या नोकरीसाठी पदवी लागतेच. पण गुरूकडची सकाळची तालीम सोडू देऊ नका. आणि डिसेंबरात इथल्या तानसेन संगीत समारोहाला तिला घेऊन जा, रात्री उशिरापर्यंत बसावं लागलं तरी.