पाठीवर यंत्र दाबून कंबरदुखी बरी होणार की नाही ते कळतं का?

तुमचं म्हणणं असं की कंबर दोन महिने दुखतेय आणि क्लिनिकवाले म्हणाले पेन सेन्सिटिव्हिटी टेस्ट करून घ्या, दुखणं कायमचं राहणार का ते कळेल. मी म्हापशाला फिजिओ आहे, ते यंत्र माझ्या ड्रॉवरमध्येपण पडलंय, म्हणून सरळ सांगते, नुसत्या त्या आकड्यावरून नाही कळत.

करतात काय, तर एक चौरस सेंटीमीटरचं रबरी टोक कंबरेच्या स्नायूवर हळूहळू दाबत जायचं आणि नुसता दाब संपून दुखायला लागलं की पेशंटने 'बस' म्हणायचं, तो आकडा लिहायचा. मग तेच लांब कुठेतरी, नडगीवर वगैरे, जिथे काहीच झालेलं नाही. तिथेपण थोड्याशा दाबाने दुखलं तर म्हणायचं की नसांची सगळी यंत्रणाच जरा जास्त जागी आहे. कल्पना चांगलीच आहे, मलापण पहिल्यांदा भारी वाटलेली.

पण आमच्या स्टँडवरचा एक पायलट आलेला (बाहेरच्यांसाठी, आमच्याकडे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात), सोबत त्याचे दोन दोस्त पडद्यातून डोकावतायत. मी म्हटलं दुखायला लागलं की लगेच सांगा, तर हा दात आवळून "आनीक दाब, म्हाका कांय जायना!" कातडीवर लाल गोल वळ उठला तरी बस म्हणेना, आणि टेबलावरून उतरताना मात्र माझ्या खांद्याचा आधार घेतला. पुढच्या वेळी बायकोबरोबर आला, आकडा जवळजवळ निम्मा. कंबर तीच हो!

अभ्यासांतपण फार वेगळं नाही. 2013 मध्ये पेन नावाच्या जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब आला, पाठ-मानदुखीवाल्यांचा, त्यात हा आकडा आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा संबंध निघाला उणे 0.15 च्या आसपास (पक्का संबंध असता तर उणे 1 आला असता), म्हणजे नावापुरता. तो हिशोब त्या वेळच्या दुखण्याचा होता, पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज त्याहून अवघड. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून परत दाबून बघायची पण एक टेस्ट आहे, तिच्यावर काम चालू आहे, पण तुमच्या एकट्याचं भविष्य सांगण्याइतकी ती पक्की नाही.

त्यापेक्षा इंग्लंडच्या कील विद्यापीठाची स्टार्ट बॅक नावाची प्रश्नावली बघा, नऊच प्रश्न. दुखणं पायात उतरतं का, चालणं कमी झालंय का, हालचाल केली तर धोका वाटतो का, हे कधी बरंच होणार नाही असं वाटतं का, असले. यंत्र नको, कपडे काढायला नकोत, दोन-तीन मिनिटं. तीही काही पत्रिका नाही, पण कोणाला जास्त लक्ष द्यायचं ते ठरवायला कामाची आहे, मी रोज वापरते.

यंत्र मी टाकून दिलेलं नाही, सगळं अंगच दुखणाऱ्यांना त्यांचं दुखणं खरं आहे हे दाखवायला कधीकधी काढते. वेगळे पैसे मागत असतील तर मात्र मी तरी देणार नाही.

आणि हो, लघवी अडकणं किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा असं काही असेल तर या टेस्टबिस्टच्या भानगडीत न पडता आत्ताच्या आत्ता बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा. तसं नसेल तर सध्या रोज किती चालता आणि झोप कशी लागते तेवढं सांगा, ते तुम्ही लिहिलेलंच नाही.