सही कशाला घेतलीस?

प्रिय बाय,

काल फोनवर तू दोनदा म्हणालीस, ‘त्याची सही आहे माझ्याकडे, तरी झोप येत नाही.’ कशी येईल? ‘मी जिवाचं बरंवाईट करणार नाही’ असं समुपदेशनाला आलेल्या सोळा वर्षांच्या पोराकडून लिहून घेतलंस, फाईल मिटलीस आणि म्हापशाची बस धरलीस.

मीही वर्षानुवर्षं तेच केलं. तेव्हा तसंच शिकवायचे. निदान मी स्वतःची समजूत तशी घालते. एका मुलाने सही केली आणि पंधरा दिवसांत पुन्हा प्रयत्न केला. वाचला. पुढे म्हणाला, ‘टीचर, सही केली नसती तर तुम्ही मला घरी सोडलं असतं?’

अशा हमीपत्राने जीव वाचतो याला पुरावा नाही. सही आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून असते. सही नको, योजना कर. मन बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, तेव्हा एकट्याने काय करायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, मदत कुणाकडे मागायची, घरातली औषधं कुणी कुलपात ठेवायची. त्याच्याच शब्दांत. माझ्या एका मुलाने लिहिलं होतं, ‘घुमट वाजवणे’. आपलं मातीचं चामड्याचं वाद्य. रात्री दोन वाजता? शेजारी उठतील! मग आम्ही दोघांनी दुसरं काही शोधलं. त्या शोधण्यातच तो पहिल्यांदा मोकळा बोलला.

डीबीटी, म्हणजे तीव्र भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी ती उपचारपद्धती, शिकू का विचारतेस. शीक की. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत १७३ मुलं होती. सहा महिन्यांच्या उपचारांनंतर, दुसरे उपचार घेतलेल्या गटापेक्षा डीबीटी घेतलेल्यांत आत्महत्येचे प्रयत्न कमी दिसले. पुढच्या सहा महिन्यांत मात्र दोन्ही गटांतला फरक ओसरला. डीबीटीत पालकही मुलांबरोबर कौशल्यं शिकतात, हे मला सगळ्यात पटतं. पण कोर्स होईपर्यंत तो मुलगा थांबणार आहे का?

‘आईला सांगू नका’ म्हणाला, आणि तू कबूल झालीस! जिवाचा प्रश्न असेल तर मी सांगणार, हे पहिल्याच भेटीत बोलायचं असतं. आता आधी त्याला सांग, मग आईला. आजच. बांबोळीला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं तेही दोघांसमोर बोल.

आणि उद्या कोरा कागद घेऊन बस. पेन त्याच्या हातात दे. पुन्हा मरणाचे विचार येतात का, हे याच शब्दांत विचार; विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. शेवटच्या ओळीत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ त्यालाच लिहू दे. खाली सहीला जागा ठेवू नकोस.

तुझी,
टीचर