‘फायर क्ले’ म्हणजे अग्निरोधक चिकणमाती?

प्रश्न असा आहे : स्कॉटलंडमधल्या बर्कहिलच्या बंद पडलेल्या फायर क्लेच्या (भट्ट्यांच्या विटा ज्या मातीच्या करतात तिच्या) खाणीवरचा मजकूर मराठीत करायचा आहे. त्यात ‘फायर क्ले’ला ‘अग्निरोधक चिकणमाती’, ‘स्टूप अँड रूम’ या खोदाईच्या पद्धतीला ‘खांब आणि खोली’ आणि खाणीला ‘माजी खाण’ म्हटलं तर चालेल का?

पहिल्या शब्दातले दोन्ही भाग फसवे आहेत. ‘अग्निरोधक’ म्हटलं की आग पसरू न देणारं दार किंवा कापड डोळ्यांपुढे येतं. पण आग तर कुठलीच माती लागू देत नाही. इथे गुण आहे तो न वितळण्याचा. साधी वीट ११००-१२०० अंशांच्या आसपास मऊ पडून बसायला लागते, चांगली फायर क्ले १५०० अंश सेल्सियसच्या पुढेही आकार धरून राहते. म्हणून पाठ्यपुस्तकी ‘उच्चतापसह’ हा शब्द जिभेला जड असला तरी अर्थाने नेमका आहे.

‘चिकणमाती’चं तर विचारूच नका. खाणीत ही माती बोटाला चिकटत नाही, करड्या दगडासारखी कडक असते आणि बहुधा सुरुंग लावूनच फोडावी लागते. ढीग करून काही महिने ऊन-पावसात टाकली की फुटते, मग दळून पाणी घातल्यावर लोण्यासारखी मळता येते. रंगही तसाच चकवतो : कच्ची असताना काळपट करडी, कारण तिच्यात वनस्पतींचा कार्बन असतो, भाजल्यावर तो जळून वीट फिकट पिवळसर निघते.

हा गुण येतो कुठून? पुष्कळ ठिकाणी ही माती कोळशाच्या थराच्या लगेच खाली सापडते. ज्या दलदलीतल्या झाडांचा पुढे कोळसा झाला, तिचीच ही जमीन. मुळांनी आणि आम्लधर्मी पाण्याने तिच्यातला सोडा, पोटॅश, चुना, बरंचसं लोह धुऊन नेलं. माती लवकर वितळवणारे घटक नेमके हेच. उरलं ते मुख्यतः केओलिनाइट (चिनी मातीतलं मुख्य खनिज) आणि वाळू. बर्कहिलचे थर सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बनी काळातले आहेत, आणि अशा थरांत झाडांच्या मुळांचे ठसे सापडतात. मात्र कोळशाखालची प्रत्येक माती फायर क्ले नसते. तेव्हा ‘अंडरक्ले’ हा शब्द आला तर सरळ ‘कोळशाखालची माती’ लिहा, दोन्हींना एकच प्रतिशब्द देऊ नका.

लोह राहिलं तर काय होतं ते विटेवरच दिसतं. लोहखनिजाची गाठ निवडताना सुटली की भट्टीत तिथे काळा, काचेसारखा ठिपका उमटतो, आणि पुढे वीट तिथूनच झिजते. दुसरी अडचण आकसण्याची. नुसत्या कच्च्या मातीची वीट तडकते, म्हणून तिच्यात आधी भाजून दळलेली तीच माती घालतात. इंग्रजी ‘ग्रॉग’साठी ‘खापराची भुकटी’ हा शब्द मला बरा वाटतो. कुंभाराला समजावून सांगावा लागणार नाही.

आता ‘स्टूप’. स्कॉटिश खाणकामगारांच्या बोलीत स्टूप म्हणजे छत तोलायला न खोदता सोडलेला मातीचाच खांब, आणि ‘रूम’ म्हणजे दोन खांबांमधली खोदलेली जागा. ‘खोली’ म्हटलं की चार भिंती आणि दार आलं. ‘खांब सोडून खोदाई’ म्हणा, पद्धत शब्दातच कळते. खांब बारीक केले तर जास्त माती मिळते, पण छताचा भार त्या कमी क्षेत्रावर येतो. त्यात खाणीच्या तळावर पाणी साचलं की तळाची माती मऊ पडते, खांब खाली रुततात आणि मधला तळ वर फुगतो. रूळ असतील तर तेही उचलले जातात. याला ‘तळ फुगणे’ म्हणावं, ‘तळ वर येणे’ म्हटलं तर वाचक भलताच अर्थ लावेल.

‘माजी’ मात्र माणसांपुरतंच ठेवा : माजी आमदार, माजी विद्यार्थी. बर्कहिलचं काम १९८०मध्ये थांबलं, पुढे ती पर्यटकांना दाखवली जाऊ लागली. ती ‘बंद पडलेली खाण’ किंवा ‘पूर्वीची खाण’.

मुख्य शब्दासाठी माझा कौल : पहिल्यांदा ‘फायर क्ले (उच्चतापसह माती)’, पुढे नुसतं ‘फायर क्ले’. चंद्रपूरकडच्या गोंडवन खडकांतही ही माती आहे, आणि भट्टीवाला असो की विटांचा दुकानदार, मागताना ‘फायर क्ले’च मागतो. २०१५ साली केंद्राने तिला गौण खनिजांत टाकलं. त्यातल्या ‘गौण’चा अर्थ फक्त कायद्यापुरता, तेव्हा मजकुरात तो आलाच तर ‘कमी दर्जाची माती’ असं करू नका.