कंबोडियाच्या खेड्यात राहायला जाताय? आधी हात किती उंच जोडायचे ते शिका

बायकोसह बट्टमबंगजवळच्या खेड्यात वर्षभर राहायचंय, आणि ‘तिथेही नमस्कारच करतात, मग अडचण काय?’ असं तुम्ही विचारलंत. अडचण त्या नमस्कारातच येते. त्याला सम्पेआ म्हणतात आणि हातांच्या उंचीवरून मान ठरतो. बरोबरीच्याला छातीशी, वयाने मोठ्याला तोंडापाशी, आईवडील, आजीआजोबा, शिक्षक यांना नाकापाशी, भिक्खूंना भुवयांपर्यंत, बुद्धापुढे कपाळाशी. आपले हात सवयीने सगळ्यांपुढे छातीशीच थांबतात. म्हाताऱ्या माणसाला ते खटकतं.

म्हणून ओळख होताच वय विचारलं तर राग मानू नका. वय कळल्याशिवाय हाक कशी मारणार? मोठा किंवा मोठी ‘बाँग’, धाकटं ‘ओन’, काकाच्या वयाचा ‘पू’, मावशीच्या वयाची ‘मिंग’, आजोबा ‘ता’, आजी ‘येय’. ‘जेवणं’ हा शब्दसुद्धा माणूस बघून बदलतो: एरवी ‘न्यम’, खेड्यात बरेचदा ‘होप’, वडीलधाऱ्यांसाठी ‘पिसा’, भिक्खूंसाठी ‘छन’. ‘सी’ हे जनावरांचं खाणं. मित्रामित्रांत ऐकलंत तरी उचलू नका.

बायकांनी भिक्खूला स्पर्श करायचा नाही. वस्तू हातात न देता समोर ठेवायची. लहान मुलाच्या डोक्यावरून कौतुकानेही हात फिरवू नका.

मोठ्या झाडाखाली छोटी झोपडी, आत दगड किंवा भंगलेली मूर्ती दिसली, तर तो नेआक ता, गावाचा राखणदार. आपल्या ग्रामदेवतेसारखाच. तिथे लघवी करणं, फांदी तोडणं म्हणजे गावावर आजारपण ओढवणं, असं मानतात. जवळपास काहीही खणायचं तर आधी मेफुमला, म्हणजे गावप्रमुखाला विचारा. जमीन घ्यायचा विचार मात्र सोडाच. राज्यघटनेच्या कलम ४४ नुसार परदेशी माणसाला तिची मालकी मिळत नाही.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तिथे असाल तर प्चुम बेन चुकवू नका. हा सण १५ दिवसांचा. ‘बेन’ म्हणजे आपलं पिंड, आणि काळही आपल्या पितृपक्षाचाच. पहाटे चारच्या सुमारास चिकट तांदळाचे, तीळ घातलेले गोळे घेऊन लोक विहाराभोवती फिरतात आणि ते अंधारात टाकतात. उजाडल्यावर उपयोग नाही, कारण भुकेल्या प्रेतात्म्यांना उजेड सोसत नाही अशी श्रद्धा आहे. पांढरा सदरा घाला, गोळ्यांचं ताट शेजारणीकडूनच भरून घ्या आणि उजाडायच्या आत पोहोचा.