चवथीनंतर गवंडी का मिळत नाही? बांधकाम कारागिरांविषयी वाचकांचे प्रश्न

पाऊस सरला म्हणून घराचे पुढचे काम धरायला गेलो, तर गवंडी म्हणतो, ‘छठ झाल्यावर बघू.’ दुसराही मिळत नाही. गोव्यात कामगारच उरले नाहीत का?
(वाचक, डिचोली)

माणसे आहेत, पण ती सगळ्यांना एकाच आठवड्यात हवी असतात. जून ते सप्टेंबर उघड्यावरचे काम बंद. मग चवथ ते दसरा या काळात पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळेच पाया खणायला आणि स्लॅब भरायला निघतात. नेमक्या त्याच सुमारास परप्रांतीय कामगारांच्या टोळ्या गावची वाट धरतात. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी असते. बिहार-झारखंडची माणसे त्याच्या आठवडाभर आधी मडगावहून गाडी पकडतात. जाणे, येणे आणि घरचे काम धरून तीन आठवड्यांचा खाडा गृहीत धरा. बंगालची माणसे पूजेला किंवा ईदला जातात, मार्चमध्ये होळी येते, आणि उत्तर कर्नाटकातले गवंडी जूनच्या पेरणीला हमखास गावी असतात. सलग काम मिळते ते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. एप्रिल-मेमध्ये ‘पावसाच्या आत’ उरकण्याची घाई सुरू झाली की दर चढतात आणि हात उतरतो.

म्हणून गवंड्याशी बोलायचे ते ऑगस्टमध्ये, तो आतल्या किरकोळ कामावर असताना. उचल थोडी द्या, पण आधी विचारा: टोळीतले कोण कुठले, आणि तिकिटे कोणत्या तारखेची? सेंट्रिंगवाल्याला (स्लॅब-बीमचा साचा बांधणाऱ्याला) तर हे विचाराच. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर 14. बीमखालचे सहा मीटरपर्यंत 14 दिवस, पुढे 21. काँक्रीटकामाच्या भारतीय मानकातले (आय.एस. 456) हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत. दुकानात आज बहुधा पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) मिळते. त्याची ताकद सावकाश येते, तेव्हा इंजिनियरला विचारून दिवस वाढवा. दहाव्या दिवशीचे तिकीट असलेला माणूस नवव्या दिवशी साच्याच्या प्लेटी काढायला येतो. मग बीम मधोमध उतरतो आणि खालच्या अंगाला बारीक चिरा दिसू लागतात. तारखा जुळत नसतील तर स्लॅब पुढे ढकला.

प्लास्टर रोजावर करून घ्यावे की उक्ते? आणि दारे-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, यावर दरवेळी भांडण होते.
(वाचक, फोंडा)

प्लास्टर फुटावर (चौरस फुटाच्या दराने, म्हणजे उक्ते) द्या, डागडुजी रोजावर. रोजावरच्या प्लास्टरला शेवट नसतो आणि फुटावरच्या डागडुजीला जीव नसतो.

बाजारातला दर खरा की फुगवलेला, हे तपासायला सोपा हिशेब आहे. एक गवंडी आणि एक हेल्पर मिळून सरळ भिंतीवर आतले 12 मिमीचे प्लास्टर दिवसाला साधारण 100 ते 120 चौरस फूट करतात. दोघांचा रोज मिळवून 100 ने भागा. हिशेबापुरता गवंडी 1000 आणि हेल्पर 700 धरला तर फुटाला 17 रुपये मजुरी पडते. मागितलेला दर याच्या दीडपट असेल तर कारण विचारा. कधी कधी कारण खरे असते. चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीचे तोंड खडबडीत असते. तिथे ओळंब्यात आणताना जाडी 20 ते 25 मिमीवर जाते, दोन थर द्यावे लागतात आणि दिवसाचे काम 70-80 फुटांवर येते. ब्लॉकच्या भिंतीचा दर चिऱ्याला लावायला निघालात तर चांगला गवंडी दुसऱ्या दिवशी येणारच नाही.

आता मोजमाप. मोजमापाच्या भारतीय मानकाची (आय.एस. 1200) रीत अशी: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची (सुमारे साडेपाच चौरस फूट) दाराखिडकीची मोकळी जागा वजा करायची नाही. त्याहून मोठी पण तीन चौरस मीटरपर्यंतची (सुमारे 32 चौरस फूट) असेल, तर दोन्ही बाजूंना प्लास्टर असताना एकाच बाजूची वजा करायची, आणि दाराखिडकीच्या आतल्या कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत. 3 बाय 7 चे दार 21 फुटांचे आणि 4 बाय 4 ची खिडकी 16 फुटांची, म्हणजे दोन्ही या गटातच बसतात. भांडण होते ते असे: मालक दोन्ही बाजू वजा करतो आणि गवंडी एकही बाजू वजा न करता वर कडांचे रनिंग फूट लावतो. काम सुरू होण्याआधी एका खोलीचे माप दोघांनी मिळून कागदावर मांडा.

बार बेंडरचा (सळ्या वाकवून बांधणाऱ्याचा) दर किलोवर असतो. पैसे दुकानाच्या बिलावरच्या वजनावर देऊ नका, बांधलेल्या सळीवर द्या. 8 मिमीची सळी मीटरला 0.395 किलो, 12 मिमीची 0.89. नाहीतर उरलेल्या तुकड्यांचीही मजुरी जाते.

टाइल्सवाला जुना आणि विश्वासाचा आहे. तरी 800 बाय 1600 मिमीच्या टाइल्स वर्षभरात पोकळ वाजू लागल्या. त्याची चूक की मालाची?
(वाचक, म्हापसा)

बहुधा पद्धतीची. बाजारात सध्या सर्वांत मोठी टंचाई इथेच आहे. विटा रचणारे मिळतील, मोठी टाइल नीट बसवणारे मोजकेच, आणि त्यांना आसगाव-शिवोलीकडच्या व्हिला सोडत नाहीत. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी पिते, त्यामुळे सिमेंटच्या रबडीला तिच्या पाठीत शिरता येत नाही. त्यातून चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबली, तर बाकी पाठ हवेतच राहते.

फिटर ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. त्याच्याकडे दातेरी थापी आहे का, आणि तो टाइलच्या पाठीलाही अॅडेसिव्ह चोपडतो का. मग पहिलीच टाइल बसल्या बसल्या उचलायला सांगा. पाठ सगळी माखलेली दिसली तर तो फिटर ठेवा. 20 किलोची पिशवी 3 मिमी थराला साधारण 48 चौरस फूट पुरते, 6 मिमीला त्याच्या निम्मी. ‘एवढ्या पिशव्या कशाला?’ म्हणून मालकानेच निम्म्या आणल्या, की पुढचे खापर फिटरवर फुटते. दोन टाइल्समधला सांधा 2-3 मिमीचा हवाच.

मुलगा दहावी झाला. आयटीआयला इलेक्ट्रिशियन घ्यावे की प्लंबर? लोक म्हणतात, परप्रांतीयांपुढे टिकाव लागत नाही.
(वाचक, पेडणे)

सेंट्रिंग-गवंडीकामात तसे असेल. वायरिंग आणि प्लंबिंगमध्ये मात्र गावचा माणूसच वरचढ ठरू शकतो, कारण काम संपल्यानंतरही त्याला रात्री फोन लागतो. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, प्लंबरचा एक. इलेक्ट्रिशियनला पुढे परवान्याची वाट आहे. नव्या वीजजोडणीला परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्या सहीलाच बाजारात किंमत आहे. तेव्हा मुलाने आयटीआयनंतर अॅप्रेंटिसशिप सोडू नये. पहिल्या वर्षी हातात कमी पडते म्हणून पोरे थेट पॉइंटवर (दिव्या-पंख्याच्या प्रत्येक जोडणीमागे दर ठरवून) काम घेतात, आणि पाच वर्षांनीही दुसऱ्याच्या परवान्याखाली राबत असतात.

प्लंबर व्हायचे असेल तर एक सवय पहिल्या दिवसापासून लावावी: टाइल्स लागण्याआधी लाइन कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासून, गेजचा फोटो मालकाला पाठवायचा. गळती बहुतेक सीपीव्हीसीच्या (प्लास्टिक पाइपच्या) सांध्यातच निघते, कारण सोल्व्हंट (पाइप चिकटवायचे द्रव) लावून पाइप पाव वळसा फिरवून धरायचे ते काही सेकंद कोणी देत नाही.

मातीच्या भिंतींचे जुने घर आहे. कौले उतरवून चुन्याचे प्लास्टर करायला माणूस कुठे शोधू?
(वाचक, सत्तरी)

कौलांचे काम करणारे गावात अजून मिळतात. मात्र त्यांना मार्चमध्येच गाठा, मेमध्ये ते दुसऱ्याच्या छपरावर असतात. रीप आणि वासे त्याच वेळी टोकरून बघा. चुन्याचे हात फारच थोडे उरलेत. ‘चुना किती दिवस भिजवून ठेवता?’ हा एकच प्रश्न विचारा. दुसऱ्याच दिवशी वापरतो म्हणणाऱ्याला घेऊ नका. सापडेना म्हणून मातीच्या भिंतीवर सिमेंट चढवू नका. आतला ओलावा अडकतो आणि दोन पावसाळ्यांत खवले सुटतात.

कामगारांच्या नोंदणीचे काय?
(वाचक, काणकोण)

वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत बांधकामावर 90 दिवस काम झालेले असेल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे लाभार्थी म्हणून नोंदणी होते. अडचण येते ती 90 दिवसांच्या दाखल्याची. मुकादम बदलला की जुने दिवस सिद्ध होत नाहीत. काम संपताच मालकाने तारखा लिहून सही केलेला कागद द्यावा. माणसे तुमच्या जागेत भाड्याने राहत असतील तर पोलीस ठाण्यातली भाडेकरू पडताळणी वेगळी करावी लागते.