ठसा वाघाचा की तरसाचा?

प्रश्न : आमचं शेत बार्शी तालुक्यात, येडशीच्या डोंगराकडे. 2024च्या डिसेंबरात या भागात वाघ आला, तेव्हापासून बांधावर ठसा दिसला की रात्री पाणी द्यायला गडी तयार होत नाही. ठसा ओळखायचा कसा? आणि वाघ इतक्या लांब येतो कशाला?
– एक शेतकरी, बार्शी

उत्तर : आधी नखं बघा. वाघ-बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे बोटांपुढे टोचल्याची खूण नसते. कुत्रा, लांडगा आणि तरसाच्या ठशात ती असते. मग रुंदी मोजा. मोठ्या बिबट्याचा ठसा साधारण 6 ते 8 सेंटीमीटर, मोठ्या वाघाचा 11-12च्या पुढे. बछड्याचा ठसा मात्र बिबट्याएवढा असू शकतो.

फसगत होते ती ठिबकच्या नळीखाली. तिथल्या चिखलात पाय रुततो, बोटं फाकतात आणि ठसा उगाच मोठा दिसतो. शिवाय पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय पडला की दोन्ही मिळून भलताच पंजा तयार होतो. म्हणून एका ठशावर विसंबू नका. गाडीवाटेच्या फुफाट्यात तीन-चार सलग ठसे शोधा. शेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढा, ठशावर घमेलं पालथं घाला आणि वनविभागाला 1926 वर फोन करा.

आता दुसरं. दोनेक वर्षांचा नर आईपासून सुटला की त्याला स्वतःचा इलाखा लागतो, आणि तिथला मोठा नर त्याला टिकू देत नाही. तुमच्याकडे आलेला वाघ यवतमाळच्या टिपेश्वरचा. ते अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटर. ताडोबा मात्र गाभा आणि भोवतालचा बफर पट्टा धरून 1,727. टिपेश्वरचाच एक वाघ 2019 साली बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. ही जनावरं ओढ्यांच्या काठानं, तुरीच्या-उसाच्या आडोशानं, बहुतेक रात्री चालतात. वाटेत रानडुक्कर मिळतं, नाही मिळालं तर उघड्यावर बांधलेली कालवड.

म्हणून जनावरं रात्री बंद गोठ्यात घ्या. पाणी द्यायला दोघांनी जावं, बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत. अंधारात एकट्यानं वाकून बसू नये; बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. जनावर मारलं गेलंच तर ते ओढून हलवू नका, त्यावर विष तर मुळीच टाकू नका. 48 तासांच्या आत वनविभागाला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.